ऑफ-रोड गाडीत दुसऱ्या गाडीच्या पुढच्या सीट बसवणे: कामाचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दुसऱ्या गाडीच्या सीट आपल्या गाडीत बसवायच्या म्हटले की बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात: बोल्टची भोके जुळतात का? खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. भोके जवळजवळ कधीच जुळत नाहीत, आणि न जुळणारी भोके ही या कामातली सर्वांत सोपी अडचण आहे. खरी गुंतागुंत सीटबेल्टचा ओढ कुठून कुठे जातो, बसणाऱ्याचे डोके छतापासून किती दूर राहते, आणि सीट ज्यांवर मागे-पुढे सरकते त्या दोन्ही बाजूंच्या रेल एकाच वेळी नीट अडकतात की नाही, यांत असते. सीट आवडली, उचलून आणली आणि मग ती कशीबशी बसवली, या क्रमाने केलेल्या कामात या तिन्ही गोष्टी नशिबावर सोडलेल्या असतात.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी बेल्ट, मग बसणाऱ्याची जागा, त्यानंतर सीटची निवड, आणि ब्रॅकेट, म्हणजे सीट तळाला बांधणारा लोखंडी आधार, सर्वांत शेवटी. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या भागात असा बदल नोंदवावा लागतो का, त्याची तपासणी करून घ्यावी लागते का आणि विमा कंपनीला कळवावे लागते का, हेही विचारून घ्यावे. ब्रॅकेट तयार झाल्यावर हे कळले तर ते पुन्हा बनवावे लागू शकते.

टप्पा १: सीटबेल्टची तिन्ही टोके कुठे बांधलेली आहेत ते पाहावे

आपल्या गाडीचे दार उघडून बेल्टच्या तिन्ही टोकांचा माग काढावा. वरचे टोक सहसा दारामागच्या खांबावर असते आणि खालचे बाहेरचे टोक त्याच खांबाच्या पायथ्याशी किंवा सीटच्या चौकटीवर असते. तिसरे टोक म्हणजे बकल, आणि सगळा निर्णय बहुतेक वेळा त्याच्यावरच अवलंबून असतो.

बकल गाडीच्या तळाला किंवा मधल्या उंचवट्याला बोल्टने बांधलेले असेल, तर धडकेच्या वेळी बेल्टचा ओढ थेट बॉडीत जातो आणि सीटच्या ब्रॅकेटवरचा भार तुलनेने कमी राहतो. बकल सीटच्या चौकटीवर असेल, तर तोच ओढ चौकटीतून रेलमध्ये, रेलमधून ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेटमधून चार बोल्टमध्ये जातो. अशा वेळी आपण बनवलेले ब्रॅकेट हा सीटबेल्टचाच भाग ठरतो. हा भार किती असतो याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. बेल्टच्या बांधणीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १४ नुसार प्रवासी मोटारींच्या चाचणीत खांद्याच्या पट्ट्यावर आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १३,५०० न्यूटन ओढ दिला जातो. हा प्रत्येक ओढ साधारण १,३७५ किलो वजन टांगल्याइतका आहे. घरच्या गॅरेजमध्ये दोन पट्ट्यांना वेल्ड मारून बनवलेल्या ब्रॅकेटकडे पाहताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

तिसरा प्रकार म्हणजे संपूर्ण बेल्ट सीटच्या पाठीतूनच बाहेर येणारी सीट. खांब नसलेल्या किंवा उघड्या गाडीच्या मालकांना ही सीट फार मोहात पाडते, कारण तिच्यामुळे बेल्टचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात खांद्याचा सगळा ओढ पाठीच्या वरच्या टोकाला लागतो, पाठ तरफेसारखी काम करते, आणि मागचे बोल्ट तळाच्या पत्र्यातून उपसले जाण्याइतका जोर तयार होतो. मूळ गाडीत त्या जागी तळ त्यासाठी मजबूत केलेला असतो, आपल्या गाडीत नसतो. अशी सीट घेऊच नये.

सावधान: आपल्या गाडीच्या बेल्टची जीभ आणि दुसऱ्या गाडीचे बकल एकमेकांत बसून ‘टक्’ असा आवाज आला, म्हणजे ते अडकलेच असे नाही. जीभ आणि बकल एकाच संचातले असावेत. गाडीचे मूळ बकल तळाला बांधलेले असेल, तर ते तिथेच ठेवावे आणि नव्या सीटवरचे बकल काढून टाकावे. हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे, आणि म्हणूनच सीट शोधताना ज्यांवर हे जमेल अशाच सीट पाहाव्यात.

बॉडी आणि चॅसी वेगळ्या असलेल्या गाड्यांमध्ये आणखी एक चूक वारंवार दिसते. चॅसी मजबूत म्हणून बेल्टचे टोक चॅसीला बांधले जाते आणि सीट मात्र बॉडीवरच राहते. बॉडी रबरी माउंटवर टेकलेली असल्यामुळे ती चॅसीच्या तुलनेत हलते, आणि धडकेत हे हलणे बरेच वाढते. बेल्ट आणि सीट दोन्ही एकाच रचनेला बांधलेले असले पाहिजेत.

टप्पा २: जुनी सीट काढण्यापूर्वी सर्व मोजमापे घ्यावीत

जुनी सीट काढल्यावर मोजमापे घेणे म्हणजे तुलनेचा आधारच गमावणे. गाडी सपाट जागी उभी करून पाणसळीने खात्री करावी. मग चालवणाऱ्याने सीटवर नेहमीसारखे बसावे आणि दुसऱ्याने मापे घ्यावीत. बैठकीचा फोम दबल्यानंतरची उंची हीच खरी उंची असते. रिकाम्या सीटचे माप फसवे असते, कारण जुना दबलेला फोम आणि नवा कडक फोम यांत कित्येक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो.

नोंदवायच्या गोष्टी अशा: तळापासून दबलेल्या बैठकीपर्यंतची उंची, डोक्यापासून छतापर्यंत किंवा रोल केजच्या (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) नळीपर्यंतचे अंतर, नितंबाच्या हाडापासून क्लचच्या पेडलपर्यंतचे अंतर, मांडी आणि स्टिअरिंग यांमधली फट, आणि बैठकीचा उतार. उतार मोबाइलमधल्या कोनमापकानेही पुरेसा अचूक मिळतो. स्टिअरिंगच्या मध्यावरून ओळंबा सोडून तळावर खूण करावी आणि त्या खुणेतून गाडीच्या लांबीला समांतर रेघ मारावी. नवी सीट याच रेघेवर मध्य ठेवून बसवायची आहे. दार किंवा उंचवटा आड आला म्हणून सीट तीन-चार सेंटिमीटर बाजूला सरकवली, तर थोड्या वेळात ते जाणवत नाही, पण लांबच्या प्रवासात कंबर पिळवटलेली राहते.

रुंदी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. तळाशी, बैठकीच्या उंचीवर आणि खांद्याच्या उंचीवर अशी तीन मापे घ्यावीत, आणि दार बंद करून घ्यावीत. गिअरचा दांडा आणि फोर-व्हीलचा छोटा दांडा प्रत्येक स्थितीत टाकून ते सीटच्या बाजूला सर्वांत जवळ कुठे येतात ते पाहावे. हँडब्रेक पूर्ण ओढून पाहावा. पाठ मागे झुकवण्याचा दांडा किंवा चाक फिरवताना दारामध्ये हात मावतो का, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तपासणी: पुठ्ठा कापून सीटच्या जागेचा आडवा आणि उभा फर्मा तयार करावा. सीट पाहायला जाताना मोजपट्टीपेक्षा हा फर्मा अधिक उपयोगी पडतो.

टप्पा ३: सीट निवडणे आणि ती मूळ गाडीतून काढणे

ऑफ-रोड गाडीत बसण्याची ढब खुर्चीसारखी ताठ असते आणि बैठक तळापासून तुलनेने उंच असते, तर बुटक्या मोटारीत पाय पुढे पसरून बसावे लागते. त्यामुळे सेडानची सीट ऑफ-रोड गाडीत आणली की उंच ब्रॅकेट लागते, आणि उंच ब्रॅकेट म्हणजे अधिक तरफ, अधिक वाकणे. उंच बसण्याच्या गाड्यांमधल्या, म्हणजे एसयूव्ही किंवा लहान व्हॅनमधल्या सीट शोधाव्यात. खेळाडू बाजाच्या खोल कडांच्या सीट वळणांवर चांगल्या वाटतात, पण दिवसातून पन्नास वेळा उतरून चाकाकडे पाहावे लागणाऱ्या गाडीत त्या कडा मांडीला काचतात आणि काही महिन्यांत त्यांचे कापड फाटते. या कामासाठी त्या मला अयोग्य वाटतात.

डावी सीट आणि उजवी सीट वेगळ्या असतात. पाठीचा दांडा दाराकडे आणि बकल मधल्या बाजूला यावे, अशी त्यांची रचना असते. स्टिअरिंग विरुद्ध बाजूला असलेल्या देशातून आलेल्या गाडीच्या सीट घेतल्या, तर उंची कमीजास्त करण्याची सोय चालकाऐवजी शेजारच्या सीटला येते. बाजू बदलून बसवल्या, तर सगळे दांडे उंचवट्याकडे जातात. दोन दारांच्या ऑफ-रोड गाडीत मागे जाण्यासाठी सीट पुढे कलंडावी लागते, तेव्हा सीटही दोन दारांच्या गाडीतलीच शोधावी. ती कलंडवणारी कडी परत आपोआप आणि घट्ट अडकते की नाही हे पाहून घ्यावे.

बाजूची एअरबॅग असलेल्या सीटबाबत माझे मत स्पष्ट आहे. आपल्या गाडीत सीटमधल्या एअरबॅगची व्यवस्था नसेल, तर एअरबॅग नसलेल्याच सीट घ्याव्यात. न जोडलेली एअरबॅग निरुपयोगी असते, तरी तिच्यातला स्फोटक भाग जिवंतच असतो. उलट, आपल्या गाडीच्या मूळ सीटमध्ये एअरबॅग किंवा प्रवासी बसला आहे हे ओळखणारा सेन्सर असेल, तर त्याच मॉडेलच्या सीटखेरीज दुसऱ्या सीट घेऊ नयेत. एअरबॅगच्या दोषाचा दिवा विझावा म्हणून तिच्या जागी रेझिस्टर (वीजरोधक) लावल्याने फक्त दिवा विझतो. व्यवस्था बिघडलेलीच राहते आणि ते कळण्याचा मार्गही बंद होतो.

अपघातग्रस्त गाडीतली सीट घेताना रेल सरळ आहेत का ते पट्टी लावून पाहावे, आणि बकलची मान आखडून खाली गेलेली असेल तर प्रिटेन्शनर (धडकेत बेल्ट झटक्यात आवळणारे उपकरण) उडाला आहे असे समजावे. अपघातात ताण बसलेला बेल्ट किंवा बकल कधीही पुन्हा वापरू नये. पुरात बुडालेल्या गाडीची सीट वरून स्वच्छ दिसली, तरी रेलच्या आत गाळ, बैठकीखालच्या तारांवर गंज आणि फोमचा कुबट वास लपत नाही.

सीट काढताना मूळ गाडीच्या तळाची मापे घेणे हा या टप्प्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तोच बहुतेक जण गाळतात. मोटारीचा तळ सपाट नसल्यामुळे पुढचे आणि मागचे पाय, तसेच आतले आणि बाहेरचे पाय वेगवेगळ्या उंचीचे असतात. सीट अजून जागेवर असताना बैठकीचा उतार मोजावा, मग चारही बोल्टच्या जागा एकमेकींपासून किती लांब आणि किती उंच-सखल आहेत ते कागदावर आकृती काढून लिहावे. बोल्ट, त्यांचे विशेष वॉशर आणि जोडणीचे कनेक्टर वायरच्या लांब शेपटीसह बरोबर आणावेत.

सावधान: पिवळा कनेक्टर किंवा पिवळ्या वेष्टणाची वायर सहसा एअरबॅगची किंवा प्रिटेन्शनरची असते. बॅटरीचे ऋण टोक काढून त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. पुस्तिका नसल्यास किमान १० मिनिटे थांबणे शहाणपणाचे. त्या वायरला मल्टीमीटर लावू नये.

टप्पा ४: जुन्या सीट काढून तळ तपासणे

आपल्याही गाडीत हाच नियम पाळावा: आधी बॅटरी सोडवावी, मग सीटखालचे कनेक्टर काढावेत. कनेक्टर सुटे असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर एअरबॅगच्या व्यवस्थेत दोष नोंदला जातो. काही गाड्यांत बॅटरीच सीटखाली असते. लँड रोव्हर डिफेंडरच्या सीटपेटीत ती असते, तर विलीज जीपमध्ये चालकाच्या सीटखाली इंधनाची टाकी आहे. त्यामुळे सीटखाली काय आहे हे गाडीखाली झोपून, टॉर्च लावून पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. इंधनाची आणि ब्रेकची नळी, वायरचा जुडगा, सायलेन्सरचा पाइप आणि टाकी यांच्या जागा वरच्या बाजूने खडूने आखून ठेवाव्यात.

जुने बोल्ट गंजून अडकलेले असतील, तर भेदक तेल टाकून रात्रभर सोडावे. लांब नळी लावून जोर केला की बोल्ट तुटतो किंवा तळात वेल्ड केलेला नट सुटून आतच गरगर फिरू लागतो, आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होते. नटचे आटे तारेच्या ब्रशने आणि योग्य मापाच्या टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) साफ करावेत. मग गालिचा आणि खालचा फेल्ट पूर्ण उचलून पत्रा पाहावा. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत फेल्ट महिनोन्‌महिने ओला राहतो आणि पत्रा वरून सडतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बोल्टच्या जागांभोवती दाबून पाहावे. टोक रुतले किंवा पापुद्रे निघाले, तर तो पत्रा कापून नवा वेल्ड करेपर्यंत पुढचे काम थांबवावे. सडलेल्या पत्र्यावर बसवलेले मजबूत ब्रॅकेट कुचकामी असते.

टप्पा ५: कोरडी मांडणी

एकही भोक न पाडता नवी सीट लाकडी ठोकळ्यांवर गाडीत ठेवावी. या टप्प्याला अर्धा दिवस दिला तरी तो वाया जात नाही. सीटचा मध्य तळावरच्या रेघेवर आणावा, उतार मूळ गाडीत नोंदवला होता तेवढा ठेवावा आणि रेल मधल्या स्थितीत आणावी. मग नेहमी चालवणारी व्यक्ती बुटांसह बसवावी. क्लच पूर्ण दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावे. डोके आणि छत यांमध्ये उभी मूठ मावेल एवढी तरी जागा असावी. खडबडीत वाटेवर गाडी आदळते तेव्हा शरीर बैठकीवरून उचलले जाते, आणि केजची नळी डोक्याजवळ असेल तर याहून अधिक अंतर आणि नळीवर पॅडिंग, दोन्ही लागते.

बेल्ट लावून पाहण्याची वेळ हीच आहे. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर ओटीपोटाच्या हाडावर खाली बसला पाहिजे. बकलच्या बाजूने पट्ट्याचा जमिनीशी होणारा कोन ४५ ते ८० अंशांच्या मध्ये असावा. सीट पुढे सरकवली की तळाला बांधलेल्या बकलचा हा कोन बदलतो, म्हणून सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या स्थितीतही तो पाहावा. खांद्याचा पट्टा खांबावरून खांद्यावर येताना वरून किंवा जवळजवळ समपातळीतून यावा. नवी सीट उंच झाल्यामुळे तो खांद्यावरून मागे खाली ओढला जात असेल, तर धडकेत तो पाठीचा कणा दाबतो. असे दिसल्यास सीट खाली घ्यावी किंवा दुसरी सीट शोधावी.

सावधान: मागच्या बाजूला तळाचा उंचवटा आड आला की मागचे पाय उचलून सीट पुढे कललेली बसवण्याचा मोह होतो. बैठकीची पुढची कड उंच असते, ती बसणाऱ्याला बेल्टखालून पुढे घसरू न देण्यासाठी. सीट पुढे कलली की हे संरक्षण संपते. उतार बदलायचाच असेल, तर पुढची बाजू उचलावी.

टप्पा ६: ब्रॅकेट बनवणे

तीन मार्ग आहेत. पहिला, जुन्या सीटची रेल ठेवून तिच्यावर नव्या सीटची फक्त बैठक आणि पाठ बसवणे. तो जमला तर उत्तम, कारण तळाकडची जोडणी मूळचीच राहते, पण बकल सीटवर असेल तर तो टाळावा. दुसरा, मूळ भोकांना बोल्टने बसणारी जोडचौकट बनवून तिच्यावर नव्या सीटची स्वतःची रेल बांधणे. बहुतेक गाड्यांसाठी हाच मार्ग योग्य ठरतो. तिसरा, तळात नवीन भोके पाडणे, आणि तो नाइलाज असेल तरच.

जोडचौकटीत दोन आडव्या किंवा दोन उभ्या पट्ट्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे दोन जोड असावेत. सपाट पट्टी कडेवर उभी नसेल, तर ती वाकते. अँगल किंवा चौकोनी नळी अधिक ताठ असते. चौकोनी नळीतून बोल्ट आरपार घालायचा असेल, तर आत जाड भिंतीची छोटी नळी वेल्ड करावी, म्हणजे बोल्ट आवळताना चौकोनी नळी चेपत नाही. चेपलेल्या नळीवरचा बोल्ट आज घट्ट वाटतो आणि महिनाभराने सैल होतो. उंची भरून काढण्यासाठी वॉशरच्या चळती किंवा नटांचे थर लावू नयेत. तेवढ्या उंचीचा एकसंध ठोकळा वापरावा आणि तो चौकटीला वेल्ड करावा.

दोन्ही रेल एकमेकींना समांतर आणि एकाच पातळीत असणे, हे या चौकटीचे मुख्य काम आहे. एक-दोन मिलिमीटरचा पीळसुद्धा पुरतो. सीट सरकताना अडकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका बाजूची कडी खाचेत बसते आणि दुसऱ्या बाजूची खाचेच्या काठावर टेकून राहते. म्हणून क्रम असा ठेवावा: चौकटीचे भाग तळाच्या बोल्टवर हाताने आवळून बसवावेत, वरून सीटची रेल बांधावी, गुण्या आणि पाणसळ लावून जुळवावे, फक्त छोटे टाके मारावेत, सीट सरकवून पाहावी, आणि मग सगळे बाहेर काढून, सीट बाजूला ठेवून, चौकट जाड पाटावर आवळून पूर्ण वेल्ड करावी. वेल्ड एका कडेने सलग न मारता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटूनपालटून मारावे, म्हणजे चौकट उष्णतेने पिळवटत नाही.

सावधान: सीटच्या रेलला किंवा सीटच्या चौकटीला वेल्ड मारू नये. त्यांचे पोलाद उच्च ताकदीचे असते आणि उष्णतेने तिथेच कमकुवत होते. गाडीत टाके मारताना बॅटरी सोडलेली असावी, इंधनाची वाफ नसावी, फोम आणि एअरबॅग आसपास नसावी, आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरचा मुलामा घासून काढावा, कारण त्याचा धूर विषारी असतो.

तपासणी: पूर्ण वेल्ड झाल्यावर चौकट थंड होऊ द्यावी आणि पुन्हा एकदा गाडीत बसवून, रेल आवळून सीट पूर्ण मागे-पुढे करावी. त्यानंतरच रंग द्यावा. रंग दिल्यावर दुरुस्ती करायला कोणाचेच मन होत नाही.

टप्पा ७: नवीन भोके पाडावीच लागली तर

तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. बोल्ट आणि वॉशर त्यातून सहज उपसले जातात. मोटारस्पर्धांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सीटच्या प्रत्येक जोडणीला पत्र्याखाली किमान ३ मि.मी. जाडीची पोलादी पट्टी आणि किमान ४० चौ.सें.मी. टेकण्याचे क्षेत्र सांगितले आहे. घरगुती कामातही याहून कमी करू नये. ६५ मि.मी. बाजूच्या चौकोनी पट्टीने हे क्षेत्र मिळते. पट्टीचे कोपरे गोल घासावेत, म्हणजे ती पत्र्याला कापत नाही. शक्य तिथे भोक तळाच्या आडव्या पन्हळीजवळ किंवा मजबुतीच्या पट्टीतून घ्यावे, सपाट मोकळ्या पत्र्यात नाही. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर लावावा आणि पट्टीच्या कडा सीलंटने बंद कराव्यात. तळ ॲल्युमिनियमचा असेल, तर पोलादी पट्टी आणि ॲल्युमिनियम यांमध्ये रंगाचा किंवा सीलंटचा थर लागतोच, नाहीतर ओलावा मिळताच ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

टप्पा ८: बोल्ट निवडणे

सीटसाठी डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेलेच बोल्ट वापरावेत. स्टेनलेस स्टीलचा सामान्य ए२-७० बोल्ट गंजत नाही, पण त्याची ताणताकद ७०० मेगापास्कल असते आणि ८.८ ची ८००. चकाकीसाठी ही तडजोड करू नये. सीटबेल्टच्या जोडणीला बऱ्याच गाड्यांत ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट असतो. त्याचा व्यास सुमारे ११.१ मि.मी., म्हणजे एम १० (१० मि.मी. व्यासाच्या) बोल्टपेक्षा मोठा आणि एम १२ पेक्षा लहान. एम १० त्यात सैल बसून आवळल्यासारखा भासतो, आणि एम १२ जोराने घातला की आटे कापले जातात. एम १० मध्येही १.२५ आणि १.५ मि.मी. असे दोन प्रकारचे आटे सर्रास मिळतात. नियम साधा आहे: पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरले पाहिजेत, न फिरल्यास पाना लावू नये.

टप्पा ९: वायरिंग

साध्या, हाताने सरकणाऱ्या सीटना बकलच्या स्विचखेरीज काही लागत नाही. मोटरवर चालणाऱ्या सीटना बॅटरीजवळ फ्यूज असलेली, पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर द्यावी. बसण्याची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या सीट मूळ गाडीच्या संगणकाशी बोलतात. त्या बहुधा चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. गरम होणाऱ्या सीटचा प्रवाह रिलेमधून द्यावा आणि रिले किल्लीसोबत चालू-बंद होईल असा जोडावा. वायर नागमोडी नळीतून न्यावी, सीट पूर्ण मागे-पुढे होईल एवढी ढिली ठेवावी आणि रेलच्या दातांपासून दूर बांधावी. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत कनेक्टर तळावर पडू न देता सीटच्या चौकटीला वर बांधणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

टप्पा १०: अंतिम बसवणी आणि तपासणी

आधी चौकट तळाला बसवून चारही बोल्ट हाताने लावावेत, मग सीट चौकटीवर ठेवून तिचेही चारही बोल्ट हाताने लावावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून बाकीचे नंतर शोधत बसले, की चौथा कधीच जुळत नाही. सीट मागे सरकवून पुढचे बोल्ट आणि पुढे सरकवून मागचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा असेल तर तोच वापरावा. नसल्यास कोरड्या ८.८ बोल्टसाठी एम ८ ला सुमारे २५ आणि एम १० ला ४५ ते ५० न्यूटन-मीटर हा अंदाज चालतो. नायलॉनचे कडे असलेले नट एकदाच वापरावेत.

आता सीट प्रत्येक खाचेत थांबवून, मागे बसून दोन्ही हातांनी पाठ जोराने पुढे-मागे हलवावी. दोन्ही बाजूंच्या कड्या खाचेत गेल्या आहेत हे टॉर्चने डोळ्यांनी पाहावे. नुसत्या आवाजावर विसंबू नये. बेल्ट झटक्याने ओढून रीळ अडकते का, बकल दहा वेळा लावून-सोडून प्रत्येक वेळी अडकते का, हे तपासावे. बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला, तर गाडी वापरात आणू नये. कनेक्टर पाहावेत आणि दोष स्कॅनरवर वाचून घ्यावा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चौकटीवर जाणारी रंगाची एक रेघ मारून ठेवली, तर पुढे सैलपणा नजरेनेच कळतो. खडखड आवाज येऊ लागला तर पाने घेऊन सगळे बोल्ट अधिक आवळत सुटू नये. बहुतेक वेळा बोल्ट घट्टच असतात आणि आवाज रेलच्या झिजलेल्या प्लास्टिकच्या सरकत्या तुकड्यांतून किंवा वॉशरखाली राहिलेल्या जाड रंगाच्या थरातून येत असतो. रंगाचा थर दबल्याने बोल्ट सैल झाला असेल, तर तो काढून वॉशरखालची जागा घासावी, पातळ प्रायमर लावावा, आणि तोच बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळून नवी रेघ मारावी.